करदोड्याला बांधलेली किल्ली

आमच्या घरात ट्रॅक्टरची किल्ली कधी खुंटीला लागली नाही. ती आबांच्या करदोड्याला असायची. आबा म्हणजे माझे सासरे. कमरेच्या काळ्या दोऱ्याला फासाची गाठ मारून ती अडकवलेली; ट्रॅक्टरवर बसले की एका ओढीत सुटायची आणि खाली उतरले की पुन्हा जागेवर जायची. आंघोळीलासुद्धा ती कमरेलाच. लग्न होऊन मी धुळ्याकडून चोपडा तालुक्यातल्या या गावात आले, तेव्हा आबा अंगणात वाकले की धोतराआडून ती वाजायची. मला वाटायचं, तिजोरीची किल्ली कमरेला बाळगतात म्हणजे सासरा भारी संशयी दिसतो. पुढे कळलं की घरात तिजोरीच नाही.

म्हणून त्या दिवशी माझ्या नवऱ्याने हात पुढे करून ती किल्ली मागितली, तेव्हा माझा भाकरी थापणारा हात थांबला.

झालं होतं असं. पोळ्यानंतर काही आठवड्यांतच ट्रॅक्टर सेल्फवर सुरू व्हायचा बंद झाला. किल्ली फिरवली की नुसतं टक् वाजायचं. बॅटरी उतरलेली. चोपड्याला नेऊन भरून आणली की थोडे दिवस बरे जायचे आणि पुन्हा टक्. इंजिन चालू असताना बॅटरी आपली आपण भरायला हवी, ती भरत नव्हती. समोरच्या मीटरचा काटा भरतीच्या बाजूला जायचं नाव घेत नव्हता. मग आबांनी जुनी युक्ती काढली. संध्याकाळी ट्रॅक्टर पाटाच्या भरावावर, उतारावर नेऊन उभा करायचा, चाकांना दगड लावायचे. सकाळी दगड काढायचे, उताराने वेग घेतला की क्लच सोडायचा, इंजिन पेटायचं. निम्म्या गावाने कधी ना कधी हेच केलेलं आहे. पण आबांची सत्तरी उलटलेली आणि एक गुडघा वाकत नाही. त्या सकाळी इंजिन पेटलं नाही, ब्रेकवर पाय वेळेत गेला नाही, आणि ट्रॅक्टर भरावावरून थेट शेजाऱ्याच्या केळीत घुसला. कापणीला आलेली झाडं आडवी झाली. आबांना ओरखडासुद्धा उठला नाही. शेजारी भला माणूस, त्याने आधी आबांना पाणी पाजलं आणि मग केळीकडे पाहिलं.

नवरा भुसावळला रेल्वेत आहे, सुटीपुरता घरी येतो. नेमका त्या दिवशी घरी होता.

"आबा, किल्ली द्या."

"कसाले?"

"द्या सांगस ना. आज केळीमा घुसनं. उद्या एखादा मानूसवर जाई, मंग?"

आबा उठले नाहीत. ओट्यावर बसल्या बसल्याच म्हणाले, "आनि मी काय करू? मी काय गोठामा बांधेल ढोर शे का?"

नवऱ्याचाही आवाज चढला होता, पण वडिलांसमोर त्याचा आवाज चढतो आणि लगेच बसतो, मी बघत आलेय. तो म्हणाला, सपाट जागेवर, सेल्फवर, दर वेळी सुरू होत असेल तर किल्ली तुमची. नाहीतर दिवाळीला एक्सचेंजमध्ये देऊन टाकू, जामनेरचा एक माणूस जुने ट्रॅक्टर घेतो, तो धनत्रयोदशीच्या आत येऊन बघून जाणार आहे. आबांनी धोतराच्या निऱ्यांआड हात घातला, गाठ सोडली आणि किल्ली ओट्यावर ठेवली. नवऱ्याच्या हातात दिली नाही. त्याला वाकून उचलावी लागली.

दुसऱ्या दिवसापासून आबा शेतात गेले नाहीत. शेत काही लांब नाही, चालत जाता येतं, पण ते गेले नाहीत. सकाळी उठून ट्रॅक्टर फडक्याने पुसायचे, मग ओट्यावर बसायचे. कापूस वेचणीला आला होता, केळीच्या कांदेबागेची लागवड सुरू होती, बायका कामाला येत होत्या, जात होत्या. एरवी आबांनी कुणाची ओळ वाकडी, कुणाचा कंद वर राहिला, यावरून दिवसभर तोंड चालवलं असतं. आता मी विचारलं, "आबा, खालना तुकडामा पानी आज सोडू का उद्या?" तर म्हणाले, "तुले बरं वाटी तधळ सोड." मला ते ऐकून इतका राग आला की मी बादली आपटली. राग नवऱ्याचा होता, आबांचाही होता, आणि त्या निळ्या ट्रॅक्टरचा सगळ्यात जास्त होता.

आबांनी मला ट्रॅक्टर शिकवला होता. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा. कापूस उपटून रान मोकळं झालेलं, आणि त्यांनी मला सीटवर बसवलं आणि स्वतः मडगार्डवर बसले. बांधावरून जाणारे लोक थांबून बघायला लागले. कुणीतरी काही बोललं असणार, कारण आबा मोठ्याने म्हणाले होते, "मनी सून शे, मनंच ट्रॅक्टर शे. तुम्हले काय व्हई राह्यनं?" त्यांच्यामुळेच नवरा भुसावळला असताना मी शेत सांभाळू शकते. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर मी उघडते, फ्यूज बदलते, कुठली फेज गेलीय ते बल्ब लावून बघते. हे सगळं धाडस मला त्या मडगार्डवरून मिळालंय. तो माणूस ओट्यावर बसून फडकं घडी घालत बसणार असेल, तर मला घरात जेवण गोड लागणार नव्हतं. ट्रॅक्टर दिवाळीच्या आत सेल्फवर आणायचा, मी ठरवून टाकलं. पदर खोचला वगैरे नाही, मी शेतात नवऱ्याचा जुना शर्ट घालते. बाह्या दुमडल्या.

आधी चोपड्याच्या इलेक्ट्रिशियनला आणलं. तो मोटारसायकलवर आला, डायनामोचे कार्बन बदलले, पट्टा ताणून बसवला, चहा घेतला. दोन दिवसांनी पुन्हा टक्. दुसऱ्यांदा आला तेव्हा त्याने इंजिनामागच्या पत्र्यावर बसवलेल्या लहान काळ्या डब्यावर बोट ठेवलं. डायनामो वीज तयार करतो आणि हा डबा ती मोजून मापून बॅटरीला पाठवतो. आमच्याकडे सगळे त्याला कटआउट म्हणतात.

"ताई, हा गेला," तो म्हणाला. "आणि ही वस्तू आता दुकानात मिळत नाही. एक्सचेंजमध्ये देऊन मोकळे व्हा."

तो बोलत असताना आबा ओट्यावर होते. त्यांनी ऐकलं. ऐकल्यावर ते उठले आणि ट्रॅक्टर पुसायला गेले, जो त्यांनी सकाळीच पुसला होता.

ट्रॅक्टर दिसायला मात्र राजा होता. आमची शेवटची बैलजोडी गेली त्याला बरीच वर्षं झाली. गोठा रिकामा झाला तेव्हा पहिल्या पोळ्याला घरात कुणाला जेवण गेलं नव्हतं. पुढच्या पोळ्याला आबांनी ट्रॅक्टर धुतला, शिंगांना लावायचा तोच रंग आणून बोनेटला लावला, गोंडे बांधले, आणि खापरावरच्या पुरणपोळीचा नैवेद्य रेडिएटरला दाखवला. तेव्हापासून तशीच रीत पडली. यंदा तर त्यांनी कहर केला. जिथे जिथे पाना चालेल तिथलं सगळं सोडवून अंगणात पोत्यावर मांडलं, डिझेलने धुतलं, पॉलिश पेपरने घासलं आणि सगळ्याला निळा ऑइलपेंट दिला, पुढून, मागून, कडांना. मी हसून म्हटलं होतं, "आबा, मागनं कोन दखस?" तर म्हणाले, "बैलले आपन एकच बाजूकन न्हावाडतस का?" पोळ्याला वेशीत ट्रॅक्टर मिरवला तेव्हा गावाने त्याच्याबरोबर फोटो काढले. रंगाचा डबा धरून मीच उभी होते, तेव्हा कौतुकात मीही मागे नव्हते.

इलेक्ट्रिशियन गेल्यावर मी ठरवलं, आता कुणाचं ऐकायचं नाही. मोटारीत बिघाड शोधताना जी पद्धत, तीच इथे. ज्याच्यावर संशय आहे त्याला एकट्याला बाजूला काढायचं, तपासायचं, निर्दोष निघालं की पुन्हा त्याच्याकडे बघायचं नाही. ट्रॅक्टरच्या इंडिकेटरचा बल्ब काढला, त्याला दोन वायरी जोडल्या. एवढीच माझी हत्यारं.

पहिला संशय बॅटरीवर. भरून आणली आणि न जोडता खोलीत तशीच ठेवून दिली. पुरेसे दिवस गेल्यावर लावून किल्ली फिरवली, इंजिन पहिल्या झटक्यात पेटलं. किल्ली मी नवऱ्याला सांगून कपाटातून काढली होती, फक्त तपासणीपुरती. बॅटरी संशयातून सुटली. मग, ट्रॅक्टर उभा असताना कुठे चोरून वीज जातेय का? बॅटरीची एक वायर सोडून मध्ये बल्ब लावला. बल्ब पेटला असता तर चोरी होती. पेटला नाही. मग डायनामो. त्याच्या वायरी सोडून, बल्बचं एक टोक तिथे आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडाला धरलं, आणि ट्रॅक्टर जरा रेस केला. बल्ब असा पेटला की दिवसाउजेडी डोळे दिपले, आणि मी आणखी रेस केल्यावर उडूनच गेला. मला त्या उडालेल्या बल्बचा आनंद झाला; दुसऱ्या बाजूच्या इंडिकेटरचा काढून घेतला. डायनामो तरणाताठा होता.

आबा ओट्यावरून बघत होते.  तिसऱ्यांदा मी बल्ब घेऊन निघाले तेव्हा आबा म्हणाले, "काय करी राह्यनी, माय?"

"चोर धरी राह्यनू."

"सापडना का?"

"अजून नही. पन कोन चोर नही ते समजनं."

त्यांना हसू आलं. किल्ली गेल्यापासून पहिल्यांदा. मी लगेच तोंड फिरवून पेटीतले पाने शोधायला लागले.

राहिला तो काळा डबा. म्हणजे इलेक्ट्रिशियन बरोबर होता, असं मानावं लागणार होतं, आणि मला ते जड जात होतं. नवऱ्याला फोन केला. भुसावळला भंगारवाल्यांची दुकानं आहेत, तिथे जुन्या ट्रॅक्टरचे कटआउट मिळतात का बघा. "तू कशाला जिवाला लावून घेतेस," असं तो म्हणालाच, पण सुटीला येताना रुमालात बांधून एक घेऊन आला. तसाच, फक्त जास्त गंजलेला. मी त्याच्यासमोरच जुना सोडवला, नवा बसवला, बोल्ट आवळले, ट्रॅक्टर सुरू केला. काटा जागचा हलला नाही.

 नवऱ्याने माझ्या हातातून पाना घेतला, पेटीत ठेवला आणि म्हणाला, "जामनेरवाला पुढच्या रविवारी येतोय." आणि संध्याकाळच्या गाडीने भुसावळला निघून गेला. तो वाईट माणूस नाही. केळी आडवी झाली त्या दिवशी तो अनवाणी कसा धावत गेला ते मी पाहिलं होतं. किल्ली त्याने रागाने नाही, घाबरून काढून घेतली होती. पण घाबरलेल्या माणसाला समजावणं रागावलेल्या माणसाहून अवघड असतं, आणि मला समजावायला वेळही नव्हता.

मी दोन दिवस नुसती चिडचिड केली. भाजीत मीठ दोनदा पडलं. बॅटरी चांगली, डायनामो चांगला, वायरी चांगल्या, आणि एक सोडून दोन कटआउट बाद? एक बाद असू शकतो. दोन्ही एकाच तऱ्हेने बाद कसे? ही गोष्ट मला झोपू देत नव्हती. म्हणजे दोष डब्यात नव्हता. डब्यात नाही, डब्याच्या अलीकडे नाही, पलीकडे नाही. मग राहिलं काय?

बुधवारी आबा दाढी करायला गावात गेले होते. मी भंगारातला डबा पुन्हा उघडायला घेतला. काढायचे, बसवायचे, काढायचे, त्या बोल्टांचा मला इतका कंटाळा आला होता की वायरी जोडलेल्याच ठेवून मी डबा सोडवला आणि नुसता इंजिनावर ठेवून दिला, उष्णतेने रंग जळून जिथे काळं लोखंड उघडं पडलं होतं तिथे. ट्रॅक्टर सुरू केला. मीटरचा काटा उठला आणि भरतीच्या बाजूला गेला.

मी ट्रॅक्टरवरून उडीच मारली. डबा हातात उचलला. काटा पडला. खाली ठेवला. काटा उठला. उचलला, पडला. मी वेड्यासारखं किती वेळा केलं सांगता येत नाही. मग इंजिन बंद करून डबा त्याच्या नेहमीच्या जागेवर बसवला, बोल्ट घट्ट आवळले आणि पुन्हा सुरू केलं. काटा मेलेला.

मग मी बल्ब घेतला. एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाला, दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. पेटला. दुसरं टोक डब्याच्या अंगाला, तो जागेवर बसलेला असताना. पेटला नाही. विहिरीवर मोटार बसवताना आपण जमिनीत अर्थिंग पुरतो, तसं ट्रॅक्टरवर सगळ्या वस्तूंचं अर्थिंग म्हणजे ट्रॅक्टरचं लोखंडी अंगच. वीज एका वायरीने येते आणि लोखंडातून परत जाते. डब्याला परत जायला वाट मिळाली नाही तर तो कामच करत नाही, मग नवा असो की भंगारातला. आणि डब्याला वाट नव्हती. मी तो सोडवला, बाजूला ठेवला, आणि तो ज्याच्यावर बसतो त्या पत्र्यावर नजर टाकली.

निळा. पत्रा निळा, बोल्टांची भोकं निळी, अर्थिंगची वायर ज्या टोकाशी कसली जाते ते टोक निळं. तीन हात तरी दिले होते, कडा भरून, कुठे डाग न सोडता. त्या लोखंडावर रंगाची अशी कातडी बसली होती की नखाने खरवडली तरी निघत नव्हती.

मी चाकाला टेकून खाली बसले. सापडल्याचा आनंद जेमतेम क्षणभर टिकला. पोळ्याच्या आदल्या दिवशीचे आबा दिसायला लागले, पोत्यावर मांडी घालून, गुडघा एका बाजूला पसरून, लहान ब्रश घेऊन तो पत्रा हातात फिरवून फिरवून रंगवणारे. पोळ्याला बॅटरी भरलेली होती, म्हणून ट्रॅक्टर मिरवला, नांगराला जुंपला, आठवडे चालला, आणि रंगाकडे कुणाचं लक्षच गेलं नाही.  ट्रॅक्टरला बैलाच्या मायेने अंघोळ घालणाऱ्या माणसाने स्वतःच्या हाताने तो बंद पाडला होता, आणि त्यापायी त्याची किल्ली गेली होती.

नवऱ्याला हे कळलं तर तो काय म्हणेल ते मला पाठ होतं. "बघ, आता त्यांना कळत नाही. उद्या आणखी काहीतरी करून बसतील." आणि किल्ली कपाटातच राहील. ट्रॅक्टर राहिला तरी आबांच्या हातात येणार नाही. मी डोळे पुसले आणि पॉलिश पेपर घेतला. पत्रा घासला, भोकं घासली, बोल्ट घासले, लोखंड पांढरं चमकेपर्यंत. डबा बसवला. बल्ब लावून पाहिला, पेटला. ट्रॅक्टर सुरू केला आणि काटा हळूच उठून जिथे असायला हवा तिथे जाऊन बसला. अंगणातला निळा भुगा झाडून उकिरड्यावर टाकला. सांगायचं, वायर ढिली होती. एवढंच.

आबा दाढी करून आले. मी त्यांना जेवायला वाढलं, कळण्याची भाकरी आणि ठेचा. ते माझ्या हाताकडे बघत राहिले. मग ताटाकडे बघितलं आणि जेवले. बाहेर जाऊन ट्रॅक्टरजवळ थोडा वेळ उभे राहिले.  मी म्हटलं, "आबा, चोर सापडना. वायर ढिली व्हती." ते म्हणाले, "बरं झायं."

रविवारपर्यंत मी रोज ट्रॅक्टर सुरू केला, बंद केला, पुन्हा सुरू केला. सकाळी थंड इंजिनावर, दुपारी तापलेल्या इंजिनावर, दिवे लावून, दिवे बंद ठेवून. एकदाही टक् वाजलं नाही.

रविवारी नवरा आला. मी त्याला चप्पलही काढू दिली नाही. ट्रॅक्टर अंगणात, सपाट जमिनीवर उभा होता. किल्ली फिरवली, इंजिन पेटलं. बंद केलं, पुन्हा पेटवलं. नवरा मीटरजवळ वाकला आणि काटा बघत राहिला. तो रेल्वेतला आहे, मीटरवर त्याचा माणसांपेक्षा जास्त विश्वास आहे. सरळ होऊन त्याने खिशातून फोन काढला आणि जामनेरच्या माणसाला येऊ नका म्हणून सांगितलं. मग मला विचारलं, "काय होतं?"

"वायर ढिली होती."

"कुठली?"

मला कुठली ते सांगता आलं असतं. चार दिवस मी तेच पाठ करत होते. पण ओट्यावरून आबांचा आवाज आला.

"खोटं नको बोलू, माय. मना रंग व्हता तो."

नवरा वळला. आबा भिंतीला धरून उठले होते.

"पोळाले मी बठ्ठं खोलीसन रंग दिधा. त्या डबाना खाले बी दिधा. तठेच करंट आडकना." त्यांनी माझ्याकडे हात केला. "तुनी बायकोना नखमा दख. चार दिन झायात, आजून निळं शे."

मी हात मागे नेले, तेवढ्याने काय होणार होतं. आबांना बुधवारी जेवतानाच कळलं होतं. तेव्हापासून ते गप्प होते, आणि गप्प राहिले असते तर सगळं सुरळीत झालं असतं. मला त्यांचा असा राग आला! मी त्यांच्यासाठी खोटं बोलायला तयार होते आणि ते मला बोलू देत नव्हते. आणि त्याच वेळी माझी मान त्यांच्यामुळे ताठ झाली होती.

नवऱ्याच्या तोंडावर ते वाक्य आलं होतं. मला दिसत होतं. त्याने बोलायच्या आत मी बोलले, नवऱ्याशी बोलायचं सभ्य मराठी सोडून, तोंडाला येईल तसं.

"शर्त सेल्फनी व्हती. रंगनी नही व्हती. तुम्हीच सांगं व्हतं, सपाट जागावर, दर वखतले. व्हस का नही व्हस?"

"व्हस," नवरा म्हणाला.

"मंग?"

 त्याने ट्रॅक्टरमधून किल्ली काढली, ओट्यापाशी गेला आणि हातात दिली नाही. ओट्यावर ठेवली, त्या दिवशी आबांनी जिथे ठेवली होती तिथेच. आबांनी ती उचलली आणि ते घरात गेले. करदोड्याला बांधायची म्हणजे दार लोटावं लागतं. बाहेर आले तेव्हा आम्हा दोघांकडे न बघता ट्रॅक्टरवर चढले, वाकत नसलेला पाय आधी हाताने उचलून ठेवून, मग दुसरा. एका ओढीत किल्ली सोडवली. इंजिन पेटलं. मी बरोबर येऊ का, असं नवऱ्याने विचारलं असावं, पण आबांना ते ऐकू गेलं नाही किंवा त्यांनी ऐकलं नाही. ट्रॅक्टर फाटकातून बाहेर पडला.

मी चुलीकडे गेले. नवरा फाटकात उभा राहिला. आवाज पाटाच्या बाजूने जात जात लहान होत गेला, मग आमच्या शेतापर्यंत पोचल्यावर जागच्या जागी यायला लागला. आणि बंद झाला.

नवरा ताठ झाला. "बंद पडलं," तो म्हणाला. मी तवा उतरवून बाहेर आले. दूर सातपुडा धुरकट दिसत होता, केळीचे शेंडे हलत नव्हते. काहीच ऐकू येत नव्हतं. नवऱ्याने पाटाच्या वाटेकडे पाऊल टाकलं.

तेवढ्यात आवाज पुन्हा आला. आम्ही दोघांनी एकदम श्वास सोडला. आवाज थोडा वेळ चालला आणि पुन्हा बंद झाला. मग पुन्हा सुरू. पुन्हा बंद. पुन्हा सुरू. नवरा माझ्याकडे बघायला लागला. तिकडे बांधावर, एकटे, कुणी बघत नसताना, आबा ट्रॅक्टर बंद करत होते आणि सुरू करत होते. कामासाठी नाही, उगाचच.

"बॅटरी उतरवतील ते," नवरा म्हणाला.

"उतरवू द्या," मी म्हटलं. "आता भरते ती."